पाणी तपासलं, पण त्यात काय काय तपासलं?

आम्ही कळमन्यातून बोलतो आहोत. कळमना म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणींना बाजार समितीचं आवार आठवत असेल. संत्रा, मिरची, धान्य, भाजीपाला असा तुमच्या गावचा माल इथे उतरतो आणि शहरभर जातो. पण तुमच्या गावाकडून आमच्याकडे मालासोबत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे पाणी.

आमच्या भागातल्या नळाला कन्हान नदीचं पाणी येतं. ही नदी छिंदवाड्याच्या डोंगरातून निघते, मग खापा, पारशिवनी, कामठी असं करत येते. दोन्ही काठांना शेती आहे. पऱ्हाटीवर, संत्र्यावर, भाजीवर जे फवारलं जातं त्यातलं थोडं पावसाच्या पाण्यासोबत नाल्यात उतरतं आणि नाला नदीला मिळतो. उलट बाजूनेही हेच चालतं. आम्ही शहरातले लोक मोरीतून, संडासातून, कारखान्यातून जे सोडतो ते नाग नदीत जातं. नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि ते पाणी गोसीखुर्दच्या धरणात साठतं. म्हणजे कुही, भंडारा, पवनीकडच्या बायांच्या वाट्याला आमचं सोडलेलं पाणी येतं. तुमचं आमच्याकडे आणि आमचं तुमच्याकडे, असा हा फेरा आहे.

नळाचं पाणी तपासलेलं असतं, असं आपण ऐकतो. ते खरंही आहे. पण तपासलं म्हणजे नेमकं काय काय शोधलं? हा प्रश्न आज विचारायचा आहे, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

नागपूरला आधी तलावांचं पाणी होतं. १८७० च्या सुमाराला अंबाझरी झाला, १९१२ साली गोरेवाडा. शहर वाढत गेलं तशी कन्हान आली, मग पेंच. अंबाझरीत घाण मिसळत गेली आणि पिण्यासाठी त्याचा उपयोग थांबला. पेंचचं पाणी पुष्कळ वर्षं उघड्या कालव्यातून, शेतांच्या मधून येत होतं, नंतर त्यासाठी मोठी जलवाहिनी टाकली.

त्या काळात पाण्याची भीती म्हणजे रोगाची भीती. पटकी, हगवण, विषमज्वर, कावीळ. १९५५-५६ साली दिल्लीत काय झालं ते ऐका. नजफगढ नाल्याचं घाण पाणी यमुनेत उलटं चढलं आणि वझिराबादला जिथून शहराचं पाणी उचलतात तिथवर पोहोचलं. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जलशुद्धीकरण केंद्र चालू होतं, क्लोरीनही टाकला जात होता, तरी झाली. पाणी स्वच्छ करणं हे एक शास्त्र आहे आणि त्यासाठी माणसं, प्रयोगशाळा लागतात, हे देशाला कळू लागलं होतं. १९५८ साली आपल्या नागपुरातच केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ साली इंदिरा गांधींच्या काळात तिचं नाव बदललं. आज तिला आपण नीरी म्हणतो. नेहरू मार्गावर तिचं आवार आहे. पाण्यातला फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढायची नालगोंडा पद्धत याच संस्थेने दिली.

तर तपासणीच्या यादीत पहिल्यांदा आले जंतू. तुमच्या गावात टाकीत टीसीएल पावडर टाकतात ती जंतूंसाठीच. ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं की क्लोरीन उरला आहे असं समजतं. ही यादी अजूनही सगळ्यात महत्त्वाची आहे, यात शंका नको. घाण पाण्याने लेकरू दोन दिवसांत हातचं जातं. आज आम्ही रसायनांबद्दल बोलतो आहोत म्हणून टीसीएल टाकणं कुणी बंद करू नये.

पण त्या क्लोरीनचीही एक गोष्ट आहे. १९७४ साली हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहराच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रूक नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी दाखवलं की नदीच्या पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश असेल आणि त्यावर क्लोरीन टाकला, तर क्लोरोफॉर्म आणि त्याच्या जातीची रसायनं तयार होतात. म्हणजे शुद्ध करताना पाण्यात नवं काही बनतं. त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहराच्या पिण्याच्या पाण्यात कारखान्यांची कितीतरी रसायनं सापडली, लोक संतापले, आणि डिसेंबर १९७४ मध्ये तिथे पिण्याच्या पाण्याचा कायदा झाला. आपल्याकडच्या मानकात आता लिटरमागे ०.२ मिलीग्रॅम ही क्लोरोफॉर्मची मर्यादा आहे. नीरीच्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या पाण्यात ही रसायनं कशी तयार होतात याचा अभ्यास २००२ साली छापला. यावरचा उपाय क्लोरीन सोडणं हा नाही. आधी गाळ आणि पालापाचोळा नीट काढायचा आणि मग मोजून क्लोरीन द्यायचा, असा आहे.

आता येऊ शेतीच्या औषधांकडे. आपण विषाला औषध म्हणतो, ती एक गंमतच आहे. दुसऱ्या महायुद्धात डीडीटी आलं. उवा आणि डास मारायला त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. ज्या स्विस शास्त्रज्ञाने त्याचा गुण ओळखला त्या पाउल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं. आपल्याकडे १९५३ मध्ये मलेरियाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. घराच्या भिंतींवर पांढरी फवारणी व्हायची, ती तुमच्या सासूबाईंना, आजीला विचारा, आठवत असेल. मलेरिया खरोखरच खूप कमी झाला. मग तेच डीडीटी शेतातही गेलं.

पाण्यात ते किती उतरतं हे मात्र कुणाला दिसत नव्हतं, कारण दाखवणारं साधनच नव्हतं. १९५७ साली इंग्लंडमध्ये जेम्स लव्हलॉक यांनी एक शोधक बनवला, तळहातावर मावेल एवढा. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्राला तो जोडला की क्लोरीन असलेली कीटकनाशकं अगदी कणभर असली तरी सापडायला लागली. पाण्यात, मातीत, मासळीत, आणि मैत्रिणींनो, आईच्या दुधातही. डीडीटी चरबीत साठतं, म्हणून ते बाईच्या दुधातून बाळाकडे जातं. १९६२ मध्ये रेचल कार्सन या बाईंनी ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहिलं आणि जगभर चर्चा सुरू झाली. आपल्या देशात शेतीसाठी डीडीटी बंद व्हायला १९८९ साल उजाडलं.

कणभर म्हणजे किती, ते आपल्या घरच्या हिशेबाने पाहू. आल्ड्रिन नावाचं जुनं कीटकनाशक आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०३ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दहा हजार लिटरचा टँकर गावात येतो ना, त्या पूर्ण टँकरमध्ये बारीक मिठाचे चारपाच दाणे पडले तर जेवढं वजन होईल, साधारण तेवढीच मुभा. हे डोळ्याला दिसत नाही, चवीला लागत नाही, वासही येत नाही. पाणी उकळलं म्हणून ते जाईलच असं नाही. उलट पाणी आटून काही वेळा त्याचं प्रमाण वाढतंच.

जे दिसतं त्याची ओरड होते. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला. राख कोलार नदीतून कन्हानमध्ये उतरली. पाणी राखाडी झालं, पाणीपुरवठ्याची धावपळ झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. तसं व्हायलाच हवं होतं. पण समजा त्याच नदीत कुणी कीटकनाशकाचे डबे धुतले, तर पाण्याचा रंग बदलणार नाही आणि कुणी फोटोही काढणार नाही.

न दिसणाऱ्या विषासाठी ज्या बायांनी सगळ्यात जास्त झगडा केला त्या भोपाळच्या. १९८४ ची वायुगळती सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कारखान्यात कीटकनाशकं बनत होती, आणि त्याचा रासायनिक कचरा तिथल्या जमिनीत आणि बाहेरच्या तळ्यांत पडून राहिला. आसपासच्या वस्त्यांतले लोक हातपंपाचं पाणी पीत होते. पाण्याला वास येतो, पोटात आग होते, असं बाया सांगत होत्या. तपासण्या झाल्या, पण अहवाल एकमेकांशी जुळेनात. कुणी काही शोधलं, कुणी काही शोधलंच नाही. १९९९ मध्ये ग्रीनपीस या संघटनेने नमुने नेले तेव्हा भूजलात क्लोरीन असलेली कारखान्याची रसायनं सापडली. हातपंपांना लाल रंग दिला गेला, की हे पाणी पिऊ नका. पण दुसरं पाणी कुठे होतं? मग लाल पंपाचंच पाणी भरलं जायचं.

२००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या असं सांगितलं. त्याच वर्षी रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या भोपाळच्या दोघींना गोल्डमन हा पर्यावरणाचा मोठा पुरस्कार मिळाला. दोघीही वायुपीडित, कामगार बायांच्या संघटनेतून पुढे आलेल्या. तरी नळ काही लगेच आले नाहीत. २००६ मध्ये भोपाळचे लोक, त्यात बाया मोठ्या संख्येने, दिल्लीपर्यंत चालत गेले, सुमारे ८०० किलोमीटर. २००८ मध्ये पुन्हा गेले. आमच्या मते पाणी तपासणीच्या इतिहासात प्रयोगशाळेच्या यंत्रांइतकीच या दोन पदयात्रांची नोंद व्हायला पाहिजे. वास येतो असं जी बाई पहिल्यांदा सांगते, तिचं ऐकलं असतं तर कितीतरी वर्षं वाचली असती.

शहरातल्या पैसेवाल्यांना ही काळजी जरा उशिरा आणि बाटलीतून लागली. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्ली आणि मुंबई भागातल्या बाटलीबंद पाण्याची तपासणी जाहीर केली. लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरीफॉस, ही आपल्या शेतातली नावं बाटल्यांत सापडली. ऑगस्टमध्ये त्यांनी थंड पेयांबद्दलही तेच दाखवलं. देशभर गदारोळ झाला. संसदेची संयुक्त समिती बसली, तिचे अध्यक्ष शरद पवार होते. १ जानेवारी २००४ पासून बाटलीबंद पाण्यासाठी कडक नियम आला. कोणतंही एक कीटकनाशक लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि सगळी मिळून ०.५ पेक्षा जास्त नको. युरोपात हा नियम १९८० पासून होता. त्यामागचा विचार साधा होता. पिण्याच्या पाण्यात कीटकनाशक असण्याचं काही कारणच नाही.

आणि नळाचं काय? नळाच्या पाण्याचं भारतीय मानक पहिल्यांदा १९८३ मध्ये आलं, त्याचा क्रमांक १०५००. त्याची २०१२ ची आवृत्ती घ्या. तिथे प्रत्येक कीटकनाशकाला वेगळी मर्यादा आहे. डीडीटीला लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे बाटलीच्या दहापट. क्लोरपायरीफॉसला ३०, म्हणजे तीनशे पट. मॅलॅथिऑनला १९०. तज्ज्ञ सांगतात की या मर्यादा शरीराला किती सोसतं या हिशेबाने काढल्या आहेत. हिशेब असेलही बरोबर. पण विकत घेणाऱ्याच्या पाण्याला एक माप आणि नळावर रांग लावणारीच्या पाण्याला दुसरं, हे आम्हाला पटत नाही, आणि ते आम्ही इथे सांगणार.

मोठा पेच मात्र मर्यादेपेक्षा यादीचा आहे. त्या मानकात कीटकनाशकांची १८ नावं आहेत. देशात काय किती वापरलं जात होतं आणि काय मातीत टिकून राहतं, हे पाहून ती ठरवली. आता ती नावं वाचा. डीडीटी, आल्ड्रिन, बीएचसीचे चार प्रकार, एंडोसल्फान, फोरेट, मिथाइल पॅराथिऑन, अलाक्लोर. यातलं एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये थांबवलं, फोरेट आणि अलाक्लोर २०२० च्या अखेरीस बंद झालं. म्हणजे निम्म्याहून जास्त नावं आज शेतीसाठी दुकानात मिळायला नकोत अशी. त्यांना यादीतून काढू नये, कारण ती मातीत वर्षानुवर्षं राहतात. पण आज जे विकलं जातं त्याचं काय?

२०१७ साल आठवा. यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना वीसपेक्षा जास्त शेतकरी, शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा जी नावं घराघरात ऐकू आली त्यातलं मोनोक्रोटोफॉस यादीत आहे. प्रोफेनोफॉस नाही, सायपरमेथ्रिन नाही, डायफेन्थियुरॉन नाही. आपल्या ओळखीचं इमिडाक्लोप्रिड नाही, तणावर मारतात ते ग्लायफोसेटही नाही. नॉनस्टिक भांड्यांच्या लेपाशी नातं असलेली, कधी न कुजणारी रसायनं आहेत, त्यांना अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात मर्यादा घातली. आपल्या २०१२ च्या मानकात त्यांचं नाव नाही. प्रयोगशाळेचा अहवाल ‘पाणी पिण्यायोग्य’ असा येतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की जे विचारलं होतं ते मर्यादेत आहे.

शहरात रोज काय पाहतात? गढूळपणा, उरलेला क्लोरीन, जंतू. कीटकनाशकांसाठी महागडं यंत्र, प्रशिक्षित माणूस आणि वेळ लागतो, म्हणून ती तपासणी रोज होत नाही.

गावात तर आता तपासणी बायांच्याच हातात आली आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं, आणि प्रत्येक गावात पाच बायांना तपासणी पेटी वापरायला शिकवायचं ठरलं. तुमच्यापैकी काही जणी हे काम करत असतील. सामू, जडपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्लोरीन हे सगळं त्या पेटीतून कळतं. जंतूंसाठी एक छोटी बाटली असते, पाणी भरून ठेवलं आणि काळं पडलं तर समजायचं की मैला मिसळला आहे. ही युक्ती ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी काढली आणि १९८२ मध्ये छापली. स्वस्त, सोपी आणि आपल्या देशातली. पेटी चांगलीच आहे. पण तिच्यात कीटकनाशक दिसत नाही. फार तर एक इशारा मिळतो. नायट्रेट ४५ मिलीग्रॅमच्या वर गेलं असेल, तर वरून खताचं किंवा सांडपाण्याचं काहीतरी विहिरीत झिरपतं आहे. ज्या वाटेने खत आलं त्याच वाटेने फवारणीचं औषधही येऊ शकतं. मग पुढची तपासणी मागायला कारण मिळतं.

ती मागायची कशी, ते सांगतो. कीटकनाशकाचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन चालत नाही, काही रसायनं प्लास्टिकला चिकटून बसतात. गडद रंगाची काचेची बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यायची. नमुना बर्फात ठेवून लवकर पोहोचवायचा, कारण थोड्या दिवसांत ही रसायनं बाटलीतच विरत जातात. वेळही महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. फवारणी सुरू झाली आणि त्यावर पहिला जोराचा पाऊस पडला, की नदी-नाल्याचा नमुना घ्यायचा. गोसीखुर्दच्या काठच्या गावांनी तर शहराच्या बाजूचंही विचारायला हवं. त्यांच्याकडे फवारणीच्या औषधांसोबत आमच्या मोरीतलं, कारखान्यांतलं पाणीही येतं.

आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट. ते मोठं यंत्र आपणहून सगळं ओळखत नाही. कोणतं रसायन शोधायचं त्याचं नाव आधी द्यावं लागतं, त्याचा शुद्ध नमुना शेजारी ठेवून तुलना करावी लागते. ही नावं मानकाच्या यादीपेक्षा तुमच्याकडे जास्त ताजी आहेत. गावातल्या घरांमधून या हंगामाच्या कृषी केंद्राच्या पावत्या गोळा करा. रिकाम्या डब्यांवरची नावं उतरवून घ्या, डबे मात्र पाणी भरायला वापरू नका. गटाच्या वहीत एक पान करा, कोणत्या पिकावर, कोणत्या महिन्यात, काय फवारलं. नमुन्याच्या अर्जासोबत ते पान जोडा आणि पोच घ्या. डब्यावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्याखाली बारीक अक्षरात टक्क्यांसहित लिहिलेलं असतं ते औषधाचं खरं नाव. वहीत ते बारीक अक्षरातलं लिहा. चष्मा लागत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा.